रंगारीभाऊंची पांढरी लडी

मुलांनो, परवा तुम्ही फोनवर सांगितलंत की बाबांच्या हृदयात डाय, म्हणजे रंग, सोडून तपासणी झाली आणि सगळं ठीक निघालं. फोन ठेवला आणि आमचे शेजारी रंगारीभाऊ आठवले. ते तुम्हाला ठाऊक असायला हवेत, म्हणून लिहिते. रंगाच्या बाबतीत देवावरही विश्वास न ठेवणारा असा माणूस नागपुरात दुसरा झाला नाही.

सूत रंगवणं हा त्यांचा पिढीजात धंदा. कोऱ्या सुताची लडी कायम खिशात. पंगतीत बसले की रंग पक्का की कच्चा ते बघायला आधी लडीचं टोक जिलबीच्या पाकात बुडायचं, मग जिलबी तोंडात. आमच्या निळ्या भिंतीला ओलं बोट लावून त्यांनी निकाल दिला, "हा उन्हाळा नाही काढत." भिंतीने पुढचे कित्येक उन्हाळे काढले; भाऊंनी मत बदललं नाही.

एकोणीसशे ऐंशीनंतर कधीतरी जिना चढताना त्यांच्या छातीत कळ येऊ लागली. रामदासपेठेतले डॉक्टर म्हणाले, "रक्तवाहिन्यांत रंग सोडून एक्स-रेवर पाहू. रक्त कुठे कमी पडतंय ते कळल्याशिवाय ऑपरेशन करता येणार नाही." भाऊंनी तो रंग मागवून लडी बुडवली. लडी कोरीच! ते तडक आमच्या ओसरीवर आले.

"बाई, डॉक्टर मले उल्लू बनवून राहिला. पाणी हाय ते!"

मागून त्यांची बायको आली. "मंग काय गुलाल सोडाव तुमच्या छातीत? चला न जी!"

"रंग दिसल्याबिगर मी सुई टोचून घेत नाही." एवढं बोलतानाही त्यांना धाप लागली होती. आम्ही दोघींनी त्यांना रिक्षात घालून परत नेलं.

डॉक्टर सोशिक. त्यांनी एक लडी पाण्यात, दुसरी त्या रंगाच्या औषधात भिजवली आणि दोन्ही एक्स-रेखाली धरल्या. पडद्यावर पाण्याची जेमतेम दिसली, औषधाची काळीभोर. भाऊ बघतच राहिले.

"चढला, बाई. रंग चढला." मग डॉक्टरांकडे वळून, "धुतल्यावर निघते?"

"लघवीवाटे जातो."

"म्हणजे कच्चा हाय. चालते. अंगात पक्का कायले पायजे? टोचा."

एका रक्तवाहिनीत रक्ताची धार सुतासारखी बारीक झालेली दिसली. ऑपरेशन झालं, आणि भाऊ पुढे बरीच वर्षं माझ्या साड्यांच्या रंगांना नावं ठेवत जगले.

ते गेल्यावर त्यांच्या बायकोने औषधात भिजवलेली ती लडी मला दिली. माझ्या कपाटात आहे. अजून पांढरीच आहे.