रहाटावरचं इंग्रजी

फर्डिनंड एका जागी बसलाय, हे दृश्य नंदाखाल गावच्या लोकांनी फारसं पाहिलेलं नव्हतं. मिस्साला गेला तरी तो देवळाच्या मागच्या दारात उभा, आणि फादरांचं प्रवचन लांबलं की बाहेर आवारात येरझाऱ्या. मयताच्या घरी लोक खुर्च्यांवर बसून हळू आवाजात बोलत, हा आपला अंगणात फेऱ्या मारी. जेवतानाही दोन घासांच्या मध्ये उठून केळीला पाणी पोचलं का ते बघून येई. "माझ्या नवऱ्याच्या पायाला भिंगरी हाय," बायको फ्लॉसी म्हणे, "आनी ती काय मी बांधलेली नाय."

भिंगरी बांधली होती विहिरीवरच्या रहाटाने. बाप अकाली गेला तेव्हा फर्डिनंड चौथीत होता. घरात दोन मुलगे, वाडी एक, रेडा एक. थोरल्याने रेड्यामागे जायचं आणि धाकट्याने शाळेत, असा निर्णय आईने घेतला. त्यावर कोणी चर्चा केली नाही, कारण चर्चा करायला वेळ कोणाला होता? फर्डिनंडने पाटी आढ्याला खोचली आणि रेड्याच्या मागे गोल गोल फिरू लागला. लोटे भरून वर येत, पाटात रिकामे होत, पुन्हा खाली जात.

धाकटा पास्कल हुशार होता, पण त्याला एकट्याने पाठ होत नसे. इंग्रजीचे मास्तर कडक. परीक्षेत वाक्प्रचार हमखास विचारणार, म्हणून शिक्षणावरच्या वाक्प्रचारांचं एक अख्खं पान त्यांनी पोरांकडून घोटून घेतलं होतं. पास्कल पुस्तक घेऊन रहाटावर यायचा आणि भावाच्या जोडीने फिरत फिरत मोठ्याने म्हणायचा, 'लर्न बाय हार्ट, बर्न द मिडनाइट ऑइल, लर्न द रोप्स.' मध्येच अडकायचा आणि विचारायचा, "पुढचं काय रे, दादा?" नुसत्या ऐकण्यावर फर्डिनंडला पुढचं आठवत असे. तो रेड्याच्या पाठीवर थाप मारून सांगायचा, 'द स्कूल ऑफ हार्ड नॉक्स.' आणि गाडी पुढे सरकायची.

एकदा त्याने अर्थ विचारला होता. "अर्थ कशाला पाहिजे तुला?" पास्कल म्हणाला, "तुला कुठं पेपर लिहायचाय?" पोरवयातलं बोलणं ते, बोलणारा संध्याकाळपर्यंत विसरला. ऐकणारा विसरला नाही.

पास्कल मॅट्रिक झाला, फोर्टातल्या एका कंपनीत चिकटला, वांद्र्याला राहू लागला आणि ओघानेच कुटुंबातला टोस्ट उचलणारा झाला. आता हा टोस्ट म्हणजे आमच्याकडची एक गंमतच आहे. मिस्सा मराठीत होते, भांडणं मराठीत होतात, पण लग्नाच्या मंडपात केक कापल्यावर वाइनचा ग्लास इंग्रजीशिवाय वर जात नाही. कोट घातलेला कोणीतरी उठतो, नवरा-नवरीबद्दल इंग्रजीत काहीबाही बोलतो, निम्म्या लोकांना कळत नाही आणि सगळे हसतात. पास्कल प्रत्येक लग्नात एकच विनोद सांगत असे आणि लोक प्रत्येक लग्नात त्याला टाळ्या देत. फर्डिनंडही देई, मंडपाच्या कडेने फिरता फिरता.

पुढे विहिरीवर विजेचा पंप बसला. रेडा विकला, रहाट मोडला, लोटे कोंबड्यांना पाणी पाजायला गेले. राहिली फक्त ती गोल वाट. इतकी वर्षं तुडवलेली, की तिच्यावर गवतसुद्धा धड उगवेना. फर्डिनंडचे पाय काही थांबले नाहीत.

त्याची एकुलती एक मुलगी अँजेलिना शिकली, डी.एड. झाली आणि गावाजवळच्या मराठी शाळेत पाचवीच्या पोरांना इंग्रजी शिकवू लागली. ब्याऐंशी साली तिचं लग्न ठरलं. मुलगा फ्रेडरिक, वांद्र्याचा, तोही शिक्षक. लग्नाची बोलणी चालू असताना टोस्टचा विषय निघाला आणि अंगणात फेऱ्या मारणारा फर्डिनंड दारात येऊन थांबला.

"माझ्या पोरीचा टोस्ट मी उचलनार," तो म्हणाला. "इंग्रजीत."

पास्कलला हसू आवरेना. "दादा, मोठमोठी माणसं येणार तिकडून. रहाटावरचं इंग्रजी मंडपात कसं चालेल?"

बोलली ती अँजेलिनाच. "बाबाच उचलतील, काका. दोघं मास्तर लग्न करतायत, तर शिक्षणावरच बोलू देत. नाहीतर ग्लास नको नि वाइनही नको." शेवटी तडजोड अशी झाली, की फर्डिनंडने सुरुवात करायची आणि अडला तर पास्कलने उठून पुढे सांभाळून घ्यायचं. फर्डिनंडला ही तडजोड मुळीच आवडली नाही. आपण अडखळलो आणि धाकटा उठला, तर चौथीतून उठून रेड्यामागे गेलो तसे लग्नात सगळ्या गावासमोर पुन्हा जाऊ, एवढं त्याला स्वच्छ दिसत होतं.

मग तयारी सुरू झाली. संध्याकाळी शाळेतून आली की अँजेलिना बापामागून केळीच्या रांगांतून हिंडे आणि एकेकाचा अर्थ सांगे. 'लर्न बाय हार्ट' म्हणजे तोंडपाठ करणं. 'बर्न द मिडनाइट ऑइल' म्हणजे रात्र रात्र जागून अभ्यास. "तेल जाळून? आयने मला कंदिलासकट बाहेर काढला असता," तो म्हणाला. 'लर्न द रोप्स' म्हणजे कामाच्या खाचाखोचा शिकणं, जहाजावरच्या दोरांवरून आलेलं. यावर तो खूश झाला. दोर तर त्याने जन्मभर ओढले होते! 'पास विथ फ्लाइंग कलर्स' म्हणजे मोठ्या दिमाखात पास होणं.

"आनी ते हार्ड नॉक्स?"

अँजेलिना जरा घुटमळली. "ज्यांना शाळा मिळत नाही ना बाबा, ते टक्केटोणपे खाऊन शिकतात. ती त्यांची शाळा."

त्याने चालता चालता केळीचं एक वाळलेलं पान ओढून काढलं, ते कुठं टाकावं हे न सुचून हातातच धरलं. लहानपणी पास्कलला आपण सांगत होतो ते आपल्याच शाळेचं नाव होतं तर! "हा मी नाय बोलनार," तो शेवटी म्हणाला. "वांद्र्याच्या लोकांना कशाला सांगायचं?"

लग्नाच्या आदल्या दिवशी फ्लॉसीने त्याला ओट्यावर उभं केलं, हातात स्टीलचा पेला दिला आणि म्हणाली, "बोला, मी ऐकते." फर्डिनंडने तोंड उघडलं. काहीच आलं नाही. पहिला शब्दसुद्धा नाही. त्याने डोळे मिटले, छताकडे पाहिलं, घाम पुसला. मग चिडून पेला ठेवला, ओट्यावरून उतरला आणि विहिरीकडे चालू लागला, तर सगळं पान घडाघडा ओठांवर आलं. थांबला, की गेलं. चालला, की आलं. पायांनी शिकलेली विद्या ती, पाय थांबले की तोंड बंद. सगळी तयारी केळीतून हिंडत केलेली, त्यामुळे हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. तो बायकोला म्हणाला, "घसा बसलाय," आणि कोणाला काही सांगितलं नाही. अँजेलिनाने मात्र स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मिस्सा झाली, वाजंत्री झाली, वाडीतल्या मंडपात केक कापला गेला. माइकवरून नाव पुकारलं गेलं. नवा कोट काखेत काचत होता. फर्डिनंड केकच्या टेबलापाशी उभा राहिला, उजव्या हातात ग्लास. समोर वांद्र्याची मंडळी, मागे सगळं गाव. तो उभाच राहिला. कोणीतरी खाकरलं. एक लहान मूल रडू लागलं, त्याला बाहेर नेलं. पुढच्या रांगेत पास्कलने कोटाचं बटण लावलं आणि खुर्चीच्या हातावर हात टेकला. ते बटण फर्डिनंडला दिसलं, आणि होतं नव्हतं तेही डोक्यातून पळालं.

अँजेलिना शाळेत रोज पाढे म्हणणारी पोरं बघत होती. झुलत झुलत म्हणणाऱ्या पोराला सरळ उभं केलं, की त्याचा सातचा पाढा तिथेच संपतो, हे तिला ठाऊक होतं. ती टेबलावरून थोडी पुढे वाकली.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "चाला."

फर्डिनंडने तिच्याकडे पाहिलं. मग पाऊल उचललं. केकच्या टेबलाभोवती, नवरा-नवरीला मध्ये घेऊन, ग्लास सांभाळत तो गोल चालू लागला. वांद्र्याकडची एक बाई हसली. अर्ध्या फेरीत आवाज फुटला. 'लर्न बाय हार्ट!' खणखणीत, रेड्यालाही ऐकू जावा असा. 'बर्न द मिडनाइट ऑइल!' माझ्या मुलीने हे केलं, जावयाने हे केलं, असं तो मध्ये मध्ये मराठीत सांगत होता आणि चालत होता. 'लर्न द रोप्स!' हसणाऱ्या बाईचं हसू आता वेगळं झालं होतं, टाळ्या पडू लागल्या होत्या. आणि त्याच ओघात, कारण पाठ केलेल्या गोष्टीला मधली कडी गाळता येत नाही, तोंडातून निघून गेलं, 'द स्कूल ऑफ हार्ड नॉक्स!'

त्याचे पाय थांबले. आता पुढचं आठवणार नाही, हे त्याला कळलं. पण नवल असं, की त्याला त्याची भीती वाटली नाही.

"ही शाला माझी," तो म्हणाला. "मी हिच्यातच शिकलो. दुसरी मला मिलाली नाय. पोरीला मी दुसऱ्या शालेत धाडलं, आनी आज ती शिकवते. उचला ग्लास."

ग्लास वर गेले. वांद्र्याचे कोटवाले आधी उठले, मग गाव उठलं. फ्लॉसी पदराने तोंड झाकून रडत होती आणि तिला ते लपवायचंही नव्हतं. टाळ्या थांबेपर्यंत फर्डिनंड मंडपाच्या टोकाला, विहिरीकडच्या बाजूला गेला, एक खुर्ची ओढली आणि बसला. वाजंत्री पुन्हा सुरू झाली, लोक नाचू लागले, तरी तो बसूनच होता. दोन्ही पाय जमिनीवर, स्वस्थ. फ्लॉसीने लांबून पाहिलं आणि तब्येत बिघडली की काय म्हणून पाणी पाठवून दिलं.

ऊन उतरत होतं. मोडलेल्या रहाटाच्या गोल वाटेवर कोणीतरी कोट घालून फिरत होतं. फर्डिनंडने नीट पाहिलं, तर पास्कल. हातात अजून ग्लास तसाच, न प्यालेला. ओठ हलत होते. एक फेरी झाली, दुसरी अर्ध्यात अडली. पास्कल तिथेच उभा राहिला आणि वळून त्याने मोठ्याने विचारलं,

"हार्ड नॉक्सच्या पुढचं काय रे, दादा?"

"पास विथ फ्लाइंग कलर्स," फर्डिनंड म्हणाला. खुर्चीवरून न उठता, पाय न हलवता. ते आपल्याला बसल्या जागी आठवलं, हे त्याच्या नंतर ध्यानात आलं. मग त्याने विचारलं, "अर्थ पन सांगू काय?"

पास्कल वाटेवरून उतरून जवळ आला. शेजारच्या खुर्चीवर बसला.

"सांग," तो म्हणाला.