पेण ते रोहा, एका नर पपईसाठी

शुक्रवारी संध्याकाळी निशाचा फोन आला. "झाड फुलावर आलंय. रविवारच्या आत ये." बास. एवढ्यावर माणूस निघतो का, असं आईने विचारलं. निघतो. निशा बोलावते तेव्हा मी निघतोच.

निशा कृषी कॉलेजात माझ्या वर्गात होती. दुसऱ्या वर्षी मी भांडून कॉलेज सोडलं, ती राहिली. पपईचा रिंगस्पॉट व्हायरस तुम्ही पाहिला नसेल तर सुखी आहात. मावा ही बारीक कीड तो या झाडावरून त्या झाडावर नेते, पानं दोऱ्यासारखी आक्रसतात, फळांवर गोल वळी उठतात. औषध नाही. निशाच्या परसातली सगळी पपई अशी गेली, एक नर झाड सोडून. तिने रोगट पानांचा रस बारीक रेतीबरोबर त्याच्या पानांवर चोळून पाहिला, तरी पठ्ठ्या हिरवागार. इकडे पेणला, रामवाडीत माझ्या दारात मादी पपई आहे, फळ गोड पण रोगाला लगेच बळी पडणारी. याचा पराग तिच्या फुलाला लावायचा आणि बी धरायचं. असं झाड शोधण्यात लोकांची हयात जाते हो!

शनिवारी सकाळी मादीच्या कळ्यांना बटर पेपरच्या पिशव्या बांधल्या, म्हणजे दुसरा कुठला पराग शिरायला नको. या नादात रोह्याची रेल्वेगाडी चुकली. तुम्ही चुकवू नका, गाड्या मोजक्या आहेत आणि तिकीट वडापावपेक्षा स्वस्त. एसटीने जायचं तर कंबर घरी ठेवून जा. वडखळच्या पुढे एक काकू ओरडल्या, "ओ ड्रायव्हर, खड्डा चुकवा की जरा." तो मागे न बघता म्हणाला, "चुकवून जाऊ कुठं? रस्ता दाखवा, जातो." सगळी एसटी हसली. मला हसू येईना. इतकी वर्षं हा रस्ता खणून ठेवलाय आणि आपण विनोद करतो.

नागोठण्याला वडापाव मात्र खा, चटणी जाळ असते. रोह्याहून निशाच्या गावाला कुंडलिका नदीच्या कडेने टमटम मिळते. भात निघून गेलेल्या शेतांत वाल फुलला होता. निशाबरोबर इथून चालत गेलो तर, असले विचार करत उतरलो.

परसात बांबू, दोरखंड, लाल-पांढरं कापड. आणि पपईच्या जागी बुंधा.

निशाच्या वडिलांना, तात्यांना, विचारलं की झाड कुणी तोडलं.

"मीच. मांडवाचा खांब बसत नव्हता. नर व्हता तो, फळ नाय काय नाय. नुसता वाढला व्हता."

"तात्या, फुलं होती ना त्याला!"

"मग घाल देवाला."

माझं डोकंच फिरलं. कोकणात दर परसात हेच. नर दिसला की कोयता. रोगाने सगळं झोपलं, एक उभा राहिला, तो आपण आपल्या हाताने पाडला, आणि वर उद्या व्हायरसच्या नावाने रडणार! मी तात्यांना नको नको ते बोललो. ते शांतपणे सुतळी वळत राहिले. निशाची आई पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "ओरडू नको रे बाबा, उद्या पोरीची हळद हाय."

पाणी तसंच हातात राहिलं. रविवारच्या आत का, ते तेव्हा कळलं.

निशा गोठ्यामागे होती. दोन्ही हातांवर ओली मेंदी. तोडलेलं खोड तिने सावलीत ओल्या गोणपाटात गुंडाळून घेतलं होतं. "मांडववाला एक दिवस आधी आला," ती म्हणाली. "कळ्या तोड. उमललेल्या नको, उद्या उमलतील त्या." मेंदी मोडू नये म्हणून कोपराने दाखवत होती, मी तोडत होतो.

"सांगायचं तरी होतंस."

"सांगितलं असतं तर आला असतास?"

मी कळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात भरल्या. जेवायला थांब म्हणाले, थांबलो नाही. परतीची गाडी मिळाली, बसायला जागाही. बाहेर काय दिसलं ते विचारू नका, मी डब्याकडे बघत होतो.

रविवारी सकाळी पिशव्या सोडून पराग चोळला. तिकडे हळद लागत असणार. चिडचिड इतकी होती की पहिल्या दोन कळ्या माझ्याच हाताने मोडल्या. उरलेल्यांत दोन फळं धरली. आज लिंबाएवढी आहेत. त्यांच्या बियांतून आलेली किती रोपं रोगापुढे टिकतील, सांगता येत नाही. कदाचित एकही नाही. फक्त रस्ता आणि वडापाव हवा असेल तर ही सहल एका दिवसात होते. मला अजून घरी आल्यासारखं वाटत नाही.

परवा तात्यांचा फोन. फळ धरलं का? रोपं झाली की दोन आमच्या परसात लाव, जागा करून ठेवलीय.

"आणि नर निघाला तर?" मी फाडकन विचारलं.



"निघू दे," तात्या म्हणाले. "आता कुणाचा मांडव घालायचाय मला?"