नव्या गाडीचा प्लग

नव्या मोटारसायकलवर पहिल्याच दिवशी आईला मागं बसवून पैठणला निघालो. चितेगावच्या पुढं गाडी गचके खाऊ लागली. मागून कंटेनर हॉर्न देत अंगावर येत होता. कशीबशी कडेला घेतली.

मोबाइलवर दोन व्हिडिओ पाहिल्यामुळं मी स्वतःला अर्धा मिस्त्री समजत होतो. गाडीसोबत मिळालेल्या पान्यानं प्लग काढला. तो कोरडा, स्वच्छ, नवाकोरा निघाला. परत बसवायला गेलो तर तिरका शिरला आणि अडकला. प्लगच्या भोकातले आटे गेले की इंजिनचं हेड, म्हणजे वरचा अख्खा भाग, उतरवावं लागतं, एवढं मात्र मला ठाऊक होतं.

"काय झालं रं?" आई म्हणाली.

"काय नाय."

"मग घाम कशाचा? धडधाकट गाडीचे दात उपटायलास व्हय?"

प्लग उलटा फिरवून काढला आणि पाना बाजूला ठेवून बोटांनीच पुन्हा लावला. या खेपेला तो सरळ उतरला, मग पान्यानं भीत भीत थोडाच आवळला. वरची रबरी टोपी चढवताना मात्र बोट चिकट झालं. सकाळी पूजेत मीच मोठ्या भक्तीनं नारळाचं पाणी इंजिनवर ओतलं होतं, ते टोपीत साचलं होतं. रुमालानं पुसलं, गाडी सुरू झाली.

"काय बिघडलं होतं?"

"प्लग," मी सांगितलं.

पैठणपर्यंत दर खड्ड्याला वाटायचं, आता प्लग सुटून उडणार. आईनं माझा खांदा इतका आवळून धरला होता की तिलाही तेच वाटत असावं.