मला खुलवण्याचा ठराव

कमी बोलणं हा गुन्हा आहे, हे मला नोकरी लागल्यावर कळलं. त्याआधी माहेरी "पोरगी गुणाची, कधी आवाज नाही" असं कौतुक व्हायचं. तोच गुण स्टाफरूममध्ये आला आणि त्याचा आजार झाला. "मॅडम, बरं नाही का?" "घरी काही झालंय का?" "आमच्यावर रागावलात का?" अहो, कशाला रागावू? मी चहा पितेय. चहा पिताना माणूस गप्प असतो, त्यात एवढं काय!

देवळाली प्रवरेच्या बाजूला एका शाळेत मी चित्रकला शिकवते. चित्रकलेच्या बाईकडं लोक काय काय मागतात, विचारू नका. प्रमाणपत्रांवर नावं घालून द्या, पाहुण्यांसाठी रांगोळी काढा, पुतणीच्या साखरपुड्याला मेंदी काढा. मी सगळं करते. रांगोळी मात्र शाळेत कुणी यायच्या आत उरकून घेते, कारण कुणी मागं उभं राहून बघायला लागलं की माझा हात लाकडाचा होतो. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कसं? म्हणतील, बाईचे नखरे बघा.

मागच्या वर्षी आम्हा शिक्षकांसाठी शिबिर झालं. पुण्याहून एक व्याख्याते आले होते. चेंडू फेकायचा आणि ज्याच्या हातात येईल त्यानं उभं राहून स्वतःचा एक गुण सांगायचा, असला खेळ. चेंडू माझ्याकडं आला तसा मी तो शेजारच्या मॅडमच्या मांडीवर ठेवून दिला. हशा पिकला. शेवटी व्याख्यात्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "या तुमच्या टीममधल्या अंतर्मुख कलावंत. यांना एकटं सोडू नका. यांना खुलवा."

मेलं ते खुलवणं! मी काय मोगऱ्याची कळी आहे? पण आमच्या मुख्याध्यापकांनी ते मनावर घेतलं. माणूस म्हणजे सोनं. कुणाच्या घरी दुखलं-खुपलं की पहिले हजर. त्यांच्यावर धड रागावताही येत नाही, तीच तर पंचाईत. माणूस वाईट असता तर भांडता तरी आलं असतं.

ते हिवरे बाजारचा आदर्श गावकारभार बघून आले तेव्हापासून शाळेतला प्रत्येक निर्णय ग्रामसभेसारखा व्हायला लागला होता. एकानं सुचवायचं, दुसऱ्यानं अनुमोदन द्यायचं, मग सर विचारणार, "कुणाचा विरोध?" कुणी बोललं नाही की सर्वानुमते मंजूर. आता मी बोलतच नाही. म्हणजे शाळेत आजवर जे जे झालं, त्याला माझा पाठिंबा होता म्हणायचा.

शाळेच्या आवाराला रस्त्याच्या कडेनं एक भिंत आहे, लांबलचक आणि कोरी. तिच्यावर मला कायम एकच चित्र दिसायचं. ऊस तुटून गेलेलं रान, पसरलेलं पाचट, आणि त्यात रमतगमत फिरणारे बगळे. बास. आमच्याकडं चहूबाजूंनी उभा ऊस असतो, नजर अडते. तो तुटला की अचानक लांबवरचं दिसायला लागतं, आणि मला लहानपणापासून त्या दिवशी फार बरं वाटतं. ते मला रंगवायचं होतं, एकटीनं, मुकाट्यानं. त्या भिंतीसाठी मी आतल्या आत किती झुरले, माझं मला माहीत. मागितली मात्र कधी नाही.

आणि एका सभेत सर म्हणाले, "रस्त्याकडची भिंत मॅडमना देऊ या." डोळे भरून आले म्हटलं तरी चालेल. तेवढ्यात पुढचं वाक्य आलं, "पण एकट्या नाही हं! आपण सगळे मिळून. त्या निमित्तानं मॅडम खुलतील."

इतिहासाच्या सरांनी तत्काळ अनुमोदन दिलं. हे सर म्हणजे आमच्या स्टाफरूमचा लाउडस्पीकर. "कुणाचा विरोध?" मी तोंड उघडलं, आणि मिटलं. मंजूर.

मी चित्र कागदावर काढून नेलं. सगळे वाकून बघायला लागले.

"सुंदर," मुख्याध्यापक म्हणाले, "पण जरा रिकामं वाटतंय."

"रान असं बोडकं ठेवून कसं चालंल मॅडम?" इतिहासाचे सर म्हणाले. "लोकं म्हणतील पीक बुडालं. इथं एक किल्ला टाका."

विज्ञानाच्या मॅडमना ठिबक सिंचन हवं होतं. कुणाला पुस्तक वाचणारी मुलगी, कुणाला झाड लावणारे हात. आणि प्रत्येकजण किती गोड विचारायचा, "तुम्हाला चालेल ना?" चालेल. चालेल. अगं बये, बोल की!

रंगकामाला सगळे हौसेनं आले. मोबाईलवर गाणी, मधेच भेळ, मधेच फोटो. मी ब्रश टेकवला की मागून आवाज, "मॅडम, जरा डावीकडं घ्या." किंचाळावंसं वाटायचं. पाणी प्यायच्या निमित्तानं मी प्रयोगशाळेच्या मागं जाऊन नुसती उभी राहायचे. तिथंही कुणीतरी शोधत यायचंच. "एकट्याच काय करताय? चला, चला!" हाताला धरून न्यायचे. माया होती हो ती. मायेनंच जीव गुदमरत होता.

भिंत पुरी झाली. गावानं वाखाणली. शिपाईमामा तर कितीतरी वेळ बघत राहिले. "लई भारी झालंय बाई," ते म्हणाले. "जिकडं बघावं तिकडं कायतरी हायच." खरंच होतं. बोटभर जागा मोकळी राहिली नव्हती. बगळा एकच उरला होता, आणि तो किल्ल्याच्या बुरुजावर बसवला होता.

सभेत माझा सत्कार झाला, शाल-नारळ देऊन. मग मुख्याध्यापक म्हणाले, "आता कालव्याकडची भिंत. मॅडम आणि हीच आपली टीम."

कशी कोण जाणे, मी उभी राहिले. "सर, माझा विरोध आहे," मी म्हणाले. "ती भिंत मी एकटी रंगवते. मला सोबत कुणी नको. मला एकटीलाच जमतं." इतकं सलग मी त्या खोलीत कधीच बोलले नव्हते.

सरांचा चेहरा एकदम हळवा झाला. "बघा," ते सगळ्यांना म्हणाले, "आपल्याला त्रास नको म्हणून किती जपतात!"

"अहो सर, हे पंगतीतलं नको आहे," इतिहासाचे सर ओरडले. "तोंडानं नको नको म्हणायचं असतं. तुम्ही वाढा बिनधास्त!"

सगळे खो खो हसले. कुणीतरी टाळ्या सुरू केल्या. "आणि मॅडम पहिल्यांदा सभेत बोलल्या, खुलल्या की नाही?" सर म्हणाले, आणि टाळ्या आणखी वाढल्या. मला पुन्हा सांगायचं होतं, नको म्हणजे नको हो, खरंच नको. सर प्रेमानं माझ्याकडंच बघत होते. "कुणाचा विरोध?"

आणि मी हसले. माझंच तोंड ते, हसलं.

उद्या रंग आणायला सगळे मिळून नगरला चाललोय. जीपमध्ये मला मधोमध बसवणार आहेत, एकटं वाटू नये म्हणून.