खंडेनवमीला पुजलेले साचे

घरात कापूर पेटला की मला त्यात यंत्राच्या तेलाचा वास येतो आणि मद्रास बंदराजवळचा आमचा बोटींच्या इंजिनांचा कारखाना समोर उभा राहतो. मालकांनी सगळं काम परदेशी हलवायचं ठरवलं होतं. त्यासाठी त्यांना ओतकामाचे लाकडी साचे हवे होते, आणि साचे गेले की पोट गेलं, म्हणून कामगार ते कुलपात ठेवून राखत होते. मी मालकसाहेबांचा दुभाषा. खंडेनवमीला सगळे साचे पूजेला बाहेर मांडतात आणि दसऱ्यापर्यंत कुणी शिवत नाही, हे साहेबांना मीच सांगितलं. नवमीला म्हाताऱ्या मेस्त्रीने प्रत्येक साचा केळीच्या पानावर ठेवून त्याला चंदन-कुंकू लावलं, दारात कोहळा फोडला आणि हसत बजावलं, "राव सार, बोटही लावायचं नाही हां, सरस्वती बघतेय." सगळे प्रसादाचं सुंडल, म्हणजे हरभऱ्याची उसळ, खाऊन पांगले. पहाऱ्यावरच्या फिटरला मी म्हणालो, "आज देवीच राखील, तू जेवून ये." तो गेला आणि साहेबांची लॉरी साचे न्यायला आत आली. दसऱ्याला सकाळी जमिनीवर नुसती केळीची पानं होती. "सार, कुठे ठेवलेत? पोरं कामाला उभी आहेत," मेस्त्री म्हणाला. मग त्याने वाकून एक पान उचलून पाहिलं, मग दुसरं. फिटर रडत ओरडला, "रावांनीच मला घरी पाठवलं!" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "खोटं बोलतो." त्याला सगळ्यांनी फितूर ठरवलं, आणि मरेपर्यंत तो फितूरच राहिला. तो खरं बोलत होता. सून आरती समोर धरते, तेव्हा ज्योतीवर हात न्यायचा मला अजून धीर होत नाही.