भुऱ्याची पिल्लं

केळापूरच्या पुढे, टिपेश्वरच्या जंगलाला लागून असलेल्या एका तांड्यावर रामलाल आडे राहतो. वय साठीला टेकलेलं. चाळीस शेळ्या, तीन एकर कापूस, बायको गंगी आणि भुऱ्या नावाचा राखणीचा कुत्रा, एवढाच त्याचा पसारा. माणूस अबोल. तांड्याच्या बैठकीत कोपऱ्यात बसून सगळं ऐकणार आणि शेवटी "बरोबर हाये" म्हणून उठणार. त्याच्या या गप्प राहण्याची किंमत पुढे दुसऱ्यांनीच मोजली.

भुऱ्याचं नाव आजूबाजूच्या चार गावांत झालं होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी नाल्यात वाघाने शेळी धरली, तेव्हा रामलाल जेमतेम दहा पावलांवर होता. भुऱ्या मध्ये येऊन उभा राहिला. अंगावर धावून गेला नाही, मागेही सरला नाही, छाती फुटेस्तोवर भुंकत राहिला. वाघाने शेळी टाकली आणि झुडपात शिरला. त्या दिवसापासून जो भेटेल तो म्हणे, "रामलालभाऊ, याचं एक पिल्लू आमच्यासाठी ठेवजा."

रामलालही हो म्हणायचा. पण त्याच हिवाळ्यात एका सकाळी भुऱ्या गोठ्यासमोर आडवा पडला. पाय ताठ झाले, जबडा आवळला, तोंडाला फेस आला. चार-पाच मिनिटांनी उठला तो भेलकांडत, जणू घर ओळखत नव्हता. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच.

पांढरकवड्याच्या जनावरांच्या डॉक्टरने तपासलं, सगळं विचारून घेतलं. "हा पिसाळलेला नाही," तो म्हणाला. "मिरगी आहे, म्हणजे फिट येतात. गोळी रोज चालू ठेवा, कुत्रा जगेल. पण याला कुत्रीवर सोडू नका. रक्तातून पिल्लांत उतरू शकते. आणि लवकर दिसतही नाही. दोन-अडीच वर्षं पिल्लू चांगलं वाटतं, तोवर त्यालाही पिल्लं झालेली असतात."

घरी आल्यावर गंगी म्हणाली, "कोनाले सांगू नका. तोंडाचा फेस पाह्यला का लोक पिसाळला म्हनतीन अन् गोट्यानं ठेचतीन." ती उगाच भीत नव्हती. मागच्याच साली तांड्यावर एक कुत्रा असाच ठेचला होता. त्याला काय झालं होतं हे कोणी विचारलंही नव्हतं. मग रामलाल रोज सकाळी भाकरीच्या तुकड्यात गोळी घालून भुऱ्याला देऊ लागला आणि पिल्लू मागणाऱ्यांना टाळू लागला.

नाल्यापलीकडच्या गावातला इंद्रजित हा त्याचा शाळेपासूनचा दोस्त. बैलगाडी उलटून त्याचा पाय अधू झाला होता, त्यामुळे शेळ्या घेऊन त्याची बायको नलू जायची. एका दुपारी इंद्रजित काठी टेकत आला.

"माही चंपी माजावर आली. भुऱ्याले लावतो तिच्यासंग. पिल्लू पाह्यजे मले."

"नाई जमत," रामलाल म्हणाला.

"काहून बे?"

"नाई जमत म्हनलं ना."

इंद्रजितचा चेहरा उतरला. "आमच्या कुत्रीनं तुह्या कुत्र्याची जात बाटते का?" एवढं बोलून तो पाणीही न पिता निघून गेला.

दोन दिवसांनी तो पुन्हा आला. या वेळी नलू सोबत होती आणि चंपी दोरीला. नलू अंगणात उभी राहूनच बोलली.

"भाऊ, मंगळवारी मले वाघ दिसला. पळसाच्या आडून माह्याकडंच पाहून राह्यला होता. म्या एकटी. पाय हालेना माहा. आता रोज त्याच वाटेनं जा लागते."

सांगायचं तर हीच वेळ होती. रामलालने तोंड उघडलंही. पण इंद्रजितला सांगितलं की संध्याकाळपर्यंत गावाला कळणार, आणि उद्या तांड्यावरची माणसं काठ्या घेऊन गोठ्याशी येणार. समोर नलू उभी होती, तिला नाही कसं म्हणायचं? डॉक्टर 'उतरू शकते' म्हणाला होता, 'उतरेलच' म्हणाला नव्हता. या एका शब्दाला धरून रामलालने मन घट्ट केलं.

"बांधा तिले गोठ्यात," तो म्हणाला.

गंगी उठून आत गेली. चंपी दोन दिवस तिथं होती, ते दोन दिवस गंगी रामलालशी बोलली नाही.

चंपीला पाच पिल्लं झाली. भुऱ्यासारखंच करड्या रंगाचं एक नलूने ठेवलं, त्याचं नाव सोन्या. बाकी चार जवळपासच्या शेळ्यावाल्यांनी मागून नेली. यानंतर रामलालने भुऱ्याला कोणत्याच कुत्रीजवळ जाऊ दिलं नाही. सोन्या बापावर गेला होता. नलूच्या चार पावलं पुढे चालायचा आणि झुडपाशी थांबून वास घ्यायचा. एक वर्ष गेलं, दुसरंही गेलं. भेट झाली की नलू सोन्याचं कौतुक सांगायची. रामलाल मान हलवायचा. आपण वाचलो असं त्याला वाटू लागलं.

यंदाच्या वैशाखात भरदुपारी, गावच्या पिठाच्या गिरणीसमोर सोन्या कोसळला. पाय झाडू लागला. फेस पाहून कोणीतरी ओरडलं, "पिसाळला!" नलू धावत आली, खाली बसून तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं, पदरानं फेस पुसला. तेवढ्यात सोन्या उठला आणि नशेत असल्यासारखा माणसांच्या दिशेनं चालू लागला. काठ्या पडल्या. नलू मध्ये गेली तशी एक तिच्या मनगटावर बसली आणि हाड मोडलं. सोन्या तिथेच मेला.

फोनवर बातमी फिरली. शेजारच्या गावात सोन्याचा भाऊ होता. बिचारा दावणीला निजलेला होता. एकाच विणीचा म्हणून त्यालाही मारलं.

रामलालला कळलं तसा तो मोटारसायकल काढून इंद्रजितच्या घरी गेला. अंगणात माणसं जमली होती. नलूचा हात पदराच्या झोळीत होता.

"तो पिसाळला नोयता," रामलाल सगळ्यांसमोर म्हणाला. "त्याले मिरगी होती. माह्या भुऱ्यापासून आली. मले माईत होतं."

इंद्रजितने तोंड फिरवलं. नलू म्हणाली, "भाऊ, तुमी सांगतलं असतं त म्या त्याले उठू देलं नसतं. सावलीत धरून बसली असती. एवढंच त करा लागत होतं."

तिथून निघून रामलाल उरलेल्या तिन्ही घरी गेला. डॉक्टरची चिठ्ठी दाखवली, कुत्रा पडला तर काय करायचं ते सांगितलं. दोघांनी ऐकून घेतलं. तिसरीकडे गेलेलं पिल्लू मादी होतं, आणि मागच्या दिवाळीत ती व्यायली होती. दोन पिल्लं सोयऱ्यांकडे गेली होती, दोन बाजारात कोणीतरी नेली. कोणी, ते मालकालाही सांगता येईना.

तांड्यावरचे लोक भुऱ्यालाही मारायला निघाले होते. तांड्याच्या नायकाने चिठ्ठी वाचून घेतली आणि अट घातली, कुत्रा बांधलेला राहील. रामलालने त्याची नसबंदी करून आणली. आता भुऱ्या दिवसभर साखळीला असतो. जंगलाकडं तोंड करून बसतो. कुत्र्याशिवाय चाळीस शेळ्या सांभाळणं होईना, म्हणून रामलालने निम्म्या विकल्या.

सोन्याला रेबीज नव्हता याची खात्री कोण देणार? त्याचा फेस नलूच्या हाताला लागला होता, म्हणून दवाखान्याने तिला सुया घ्यायला सांगितल्या. इंद्रजितला गाडी चालवता येत नाही. ठरलेल्या प्रत्येक तारखेला रामलाल सकाळीच दारात जाऊन उभा राहायचा. नलू मागे बसायची, दोन्ही वेळच्या वाटेत एक शब्द बोलायची नाही. इंद्रजित दारातही यायचा नाही.

शेवटची सुई झाली त्या दिवशी घरापाशी उतरल्यावर ती थांबली.

"बाजारात गेलेल्या त्या दोन पिल्लाईचा पत्ता लागला का, भाऊ?"

"एकाचा लागला."

"मंग दुसऱ्याचाई काढा," ती म्हणाली आणि घरात गेली.