हिंगणीच्या रस्त्यावरचे आकडे

लग्न ठरवताना मुलाला सुपारीचंही व्यसन नाही, असं मध्यस्थांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. ते खरंच होतं. गाडीबद्दल आमच्याकडून कोणी विचारलं नाही, त्यामुळे त्यांनाही खोटं बोलावं लागलं नाही.

सेलूला सासरी आले तेव्हा घरच्या तेलमिलच्या पत्र्याखाली ती उभी होती. परदेशी बनावटीची, लाल, टर्बोवाली. टर्बो म्हणजे काय हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं, कारण नवऱ्याकडे बोलायला दुसरा विषयच नव्हता. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. ही ताकद अजून कोणी पाहिली नव्हती. गाडीचा कॉम्प्युटर जळालेला होता आणि ती नागपूरहून ट्रकमध्ये बसून आली होती.

तसा कॉम्प्युटर कुठेच मिळेना, तेव्हा ह्यांनी कुठल्याही इंजिनाला जोडता येईल असा दुसराच बाहेरून मागवला. तो आला तो कोरा. पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी पाडायची, हे सगळं आपणच त्याला शिकवायचं. सासऱ्यांनी चष्मा लावून तो डबा उलटसुलट करून पाहिला.

"आपल्या मिलच्या इंजनले डोकं नाई," ते म्हणाले, "म्हून तं ते चालून राह्यलं."

उन्हाळाभर वायरी जोडायचं काम चाललं. अंगणातल्या खाटेवर अर्ध्या भागात सासूबाईंच्या कुरड्या वाळत आणि अर्ध्या भागात ह्यांच्या वायरींचा जुडगा पसरलेला असे. प्रत्येक वायरीला नावाची चिकटपट्टी. एकदा पाहुण्यांसाठी कुरड्या तळताना कढईत एक चिकटपट्टी तरंगली, तिच्यावर ‘इंजेक्टर तीन’ असं लिहिलेलं होतं. ह्यांनी ती चिमट्याने काढली आणि दोन दिवस हरवलेली पट्टी सापडल्याच्या आनंदात पाहुण्यांना नमस्कार करायचं विसरले.

शेवटी इंजिन सुरू झालं, खोकलं, बंद पडलं, पुन्हा सुरू झालं. मग कळलं की खरं काम आता पुढे आहे. गाडी चालवता चालवता कॉम्प्युटरला शिकवावं लागतं आणि त्याला दोन माणसं लागतात. एकाने चालवायचं, दुसऱ्याने लॅपटॉपवरचे आकडे वाचायचे. आधी ह्यांनी एका मित्राला बसवलं, पण गाडीने जोर धरला की तो आकडे सोडून नुसता हसत सुटायचा. माझं बीएस्सी गणितातलं. त्या पदवीचा सासरी पहिल्यांदा उपयोग झाला तो असा.

लॅपटॉपची केबल तोकडी होती, म्हणून मला पुढच्या सीटवर बसावं लागलं. ती सीट सासऱ्यांची. आमच्या घरात सुनेने पुढे बसायची पद्धत नव्हती, आणि नवरा-बायकोने नुसतं फिरायला जायची तर मुळीच नव्हती. वर्षभरात आम्ही दोघंच असे फक्त एकदा बाहेर पडलो होतो, तेही माझी दाढ काढायला. आता मात्र काम होतं. चारचा चहा झाला की आम्ही हिंगणीच्या रस्त्याला लागायचो आणि सासूबाईंच्या सांगण्याप्रमाणे दिवेलागणीच्या आत परतायचो.

हवेच्या मानाने पेट्रोल किती, तो आकडा मी वाचायची. पूर्ण जोरात बाराच्या आसपास राहिला तर ठीक. तेराच्या वर गेला म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, आता इंजिनात टकटक सुरू होणार आणि पिस्टन जळणार. तेरा दिसला की मी "सोडा" म्हणायचं आणि ह्यांनी लगेच पाय उचलायचा. घरात ज्या माणसाशी मी दाराआडून हळू आवाजात बोलत असे, तो इथे माझ्या एका शब्दावर पाय उचलत होता. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू.

मग पळसाच्या झाडाखाली गाडी उभी करून आम्ही आकडे बदलायचो. इंजिन थंड होऊ द्यावं लागतं, असं हे सांगत. सुरुवातीला ते पटकन थंड व्हायचं. पुढेपुढे त्याला बराच वेळ लागू लागला, आणि तेवढ्या वेळात मला कळलं की माझ्या नवऱ्याकडे गाडीखेरीजही बोलायला पुष्कळ विषय आहेत.

बाजारात लोक बोलायला लागले, ते सासऱ्यांच्या कानावर गेलं. त्यांनी सरळ सांगितलं की सगळ्यांना बसवून गिरडच्या टेकडीवर गाडी चढवून दाखव, चढली तर ठेव, नाहीतर विकून टाकतो, आणि रोजचं हे फिरणं आता पुरे. हे जोमाने तयारीला लागले. मी मात्र मनातून खचले. गाडी चढली नाही तर विकली जाणार, आणि चढली तर आकडे वाचायला मी कशाला हवी?

गिरडला निघालो तेव्हा सासरे पुढे, सासूबाई आणि मी मागे. लॅपटॉप घरी राहिला. टेकडीच्या चढावर टर्बोची शिट्टी वाजली आणि माझ्या तोंडून नकळत आकडे पुटपुटले गेले, समोर काही दिसत नसताना. गाडी झोकात चढली. सासऱ्यांनी उतरून बॉनेटवर हात ठेवला आणि चांगली आहे म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे सत्कारच. टेकडीवरच्या दर्ग्यात मी काय मागितलं ते मला त्या क्षणीही नीट सांगता आलं नसतं.

परतताना समुद्रपूर आलं तशा सासूबाई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपल्या. समोर ह्यांची मान तेवढी दिसत होती. मला रडू येत होतं, आणि कोणी विचारलं असतं तर कारण सांगायची सोय नव्हती.

सेलू जवळ आलं तेव्हा हे घसा खाकरून म्हणाले, "इंजनातून टकटक येऊन राह्यली. उद्या पाहा लागन."

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. सासऱ्यांनी काच खाली केली आणि कान बाहेर काढला. मिलमधला कोणता पट्टा सैल झालाय, हे अंथरुणात पडल्या पडल्या सांगणारा माणूस तो.

"मले तं नाई आली," ते म्हणाले.

ह्यांचे कान लाल झाले. इंजिन अगदी शहाण्यासारखं चालत होतं.

"मले आली," माझ्या खांद्यावरून सासूबाई म्हणाल्या. "उद्या दोघं जाऊन पाहून येजा."

सासरे पार मागे वळले. सासूबाईंनी डोळेसुद्धा उघडले नाहीत.